एकाच वेळी दोन ब्लड कॅन्सर: आधी उपचार कशावर?

समजा, निफाडकडचे एक काका आहेत. वय ६४, द्राक्षाची बाग, आजवर दवाखान्याची पायरी फारशी चढलेले नाहीत. ऑक्टोबर छाटणीच्या सुमारास कंबर धरली. आधी बाम, मग मेडिकलमधून आणलेली दुखण्याची गोळी, असं करत दोन-तीन महिने अंगावर काढलं. जिना चढताना धाप लागायला लागली तेव्हा मुलगा त्यांना नाशिकला घेऊन आला. सीबीसीमध्ये हिमोग्लोबिन ८.४, पांढऱ्या पेशी ३८,००० आणि त्यातल्या ८० टक्के लिम्फोसाइट. मूत्रपिंडांचं काम दाखवणारं क्रिएटिनिन २.३, कॅल्शियम ११.६. पुढे बोन मॅरोची तपासणी झाली आणि रिपोर्टच्या शेवटी एकाच्या जागी दोन नावं आली: क्रॉनिक लिम्फोसायटिक ल्युकेमिया, म्हणजे सीएलएल, आणि मल्टिपल मायलोमा.

हे काका मी समजावण्यासाठी उभे केलेत. पण असा रिपोर्ट खरोखर येतो. मी पॅथॉलॉजीत काम करते. असे रुग्ण विरळाच, पण तो कागद हातात पडल्यावर घरच्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "मॅडम, मग बाबांना दोन्हीचे केमो एकदम देणार का? झेपेल का त्यांना?" त्यामागची भीती मला कळते. दोन कॅन्सर म्हणजे दुप्पट औषधं, दुप्पट त्रास आणि दुप्पट घाई, असंच मनात येतं. बहुतेक वेळा तसं होत नाही. उपचार नावांच्या संख्येवर ठरत नाहीत. या दोघांपैकी आज शरीराचं नुकसान कोण करतंय, त्यावर ठरतात. हा लेख त्या एका प्रश्नाबद्दल आहे.

थोडं मागे जाऊ. रक्ताच्या सगळ्या पेशी हाडांच्या आतल्या मगजात, म्हणजे बोन मॅरोत तयार होतात. मूळ पेशी एकच, पण पुढे तिच्या दोन शाखा होतात. एका शाखेतून तांबड्या पेशी, प्लेटलेट आणि जंतूंवर तुटून पडणाऱ्या काही पांढऱ्या पेशी येतात. दुसऱ्या शाखेतून लिम्फोसाइट येतात. लिम्फोसाइटमधल्या बी पेशी पुढे पिकून प्लाझ्मा पेशी होतात आणि अँटिबॉडी बनवतात. यातली कुठलीही पेशी कुठल्याही टप्प्यावर बिघडून बेसुमार वाढू शकते. बी पेशी बिघडली तर सीएलएल किंवा लिम्फोमा, म्हणजे लसीका गाठींचा कॅन्सर, प्लाझ्मा पेशी बिघडली तर मायलोमा, पहिल्या शाखेत बिघाड झाला तर एएमएल हा झपाट्यानं वाढणारा ल्युकेमिया, सीएमएल हा हळू वाढणारा, किंवा एमडीएस, ज्यात मॅरोत नीट पेशीच तयार होत नाहीत. म्हणजे 'ब्लड कॅन्सर' हा एक आजार नाही. ते डझनावारी आजारांचं मिळून एक नाव आहे, म्हणूनच एका माणसात दोन सापडू शकतात.

का सापडतात? मुख्य कारण वय. वर्षांमागून वर्षं विभागणाऱ्या पेशींच्या जनुकांत चुका साठत जातात. शिवाय एका आजारानं प्रतिकारशक्ती दुबळी झाली की दुसऱ्या बिघडलेल्या पेशींना मोकळं रान मिळतं. आणि एक साधं कारण असंही की, एकासाठी केलेल्या तपासणीत दुसरा सापडतो. काकांची कंबर दुखली नसती तर त्यांचा सीएलएल कदाचित आणखी काही वर्षं कोणाला कळलाही नसता. हा संसर्ग नाही. घरात एका ताटात जेवल्यानं, अंगाला हात लावल्यानं पसरत नाही. हे मुद्दाम लिहिते, कारण गावाकडे अजूनही वेगळी ताट-वाटी ठेवली जाते आणि त्या माणसाला आजारापेक्षा त्याचं जास्त लागतं.

खरंच दोन आहेत का?

काकांच्या रक्ताचा थेंब काचेवर पसरून लीशमनच्या रंगानं रंगवला की सूक्ष्मदर्शकाखाली दोन गोष्टी एकदम दिसतात. एक, लहान गोल लिम्फोसाइट, जागोजागी, जवळजवळ एकसारख्या, आणि मधूनमधून काच पसरताना फुटलेल्या पेशींचे जांभळे फरफटलेले डाग. ही सीएलएलची ओळख. दुसरं, तांबड्या पेशी सुट्ट्या न राहता एकावर एक चढून लांब रांगा धरतात. सीएलएलमध्ये सहसा असं होत नाही. रक्तात एखादं प्रथिन प्रमाणाबाहेर वाढलं की होतं. त्याच काकांच्या पहिल्या रिपोर्टवर टोटल प्रोटीन जास्त आणि अल्ब्युमिन कमी असा आकडा असतो, ईएसआर शंभराच्या वर असतो, आणि बऱ्याचदा त्याकडे कोणाचं लक्ष गेलेलं नसतं. मॅरोच्या काचेवर मग प्लाझ्मा पेशी दिसतात: गडद निळ्या, केंद्रक एका बाजूला सरकलेलं, त्याच्या शेजारी एक फिकट जागा. त्या दहा टक्क्यांच्या वर गेल्या की मायलोमाचा विचार करावाच लागतो.

इथे घाईनं निष्कर्ष काढायचा नसतो. सीएलएलच्याच पेशी कधीकधी थोडं एकसाची प्रथिन रक्तात सोडतात, तेवढ्यानं मायलोमा होत नाही. पन्नाशीनंतर साधारण शंभरातल्या तिघांच्या रक्तात असं थोडंसं प्रथिन सापडतं. त्याला एमजीयूएस म्हणतात, आणि त्यातल्या वर्षाला सुमारे एक टक्का लोकांतच त्याचं पुढे मायलोमात किंवा तशा आजारात रूपांतर होतं. ते कॅन्सर नव्हे, लक्ष ठेवायची गोष्ट आहे. उलट बाजूनंही तसंच. लिम्फोसाइट थोड्याच वाढलेल्या असतील, बिघडलेल्या बी पेशी दर मायक्रोलिटरला ५,००० च्या खाली असतील आणि गाठी वगैरे नसतील, तर तोही सीएलएल नव्हे, त्याची आधीची पायरी. म्हणून 'दोन कॅन्सर' असं कोणी तोंडी सांगितलं तर पहिला प्रश्न हा विचारा: दोन्ही पूर्ण आजार आहेत, की एक आजार आणि एक आधीची अवस्था?

आणखी एक घोळ. सीएलएलच्या पेशी कधी बदलून वेगानं वाढणारा लिम्फोमा बनतात. याला रिक्टर रूपांतर म्हणतात. रिपोर्टवर दोन नावं दिसतात, पण आजार एकच असतो, त्यानं रूप बदललेलं असतं. उपचार मग पूर्ण वेगळे.

दोघं खरंच वेगळे आहेत का हे बघायला फ्लो सायटोमेट्री, म्हणजे एकेका पेशीवरच्या खुणा यंत्रानं वाचणारी तपासणी, लागते. प्रत्येक बी पेशी आणि तिच्यापासून झालेली प्लाझ्मा पेशी कप्पा किंवा लॅम्डा यातली अँटिबॉडीची एकच साखळी बनवते, दोन्ही नाही. काकांच्या सीएलएलच्या पेशी लॅम्डा दाखवतात आणि प्लाझ्मा पेशी कप्पा. म्हणजे दोघांचं मूळ वेगळं. दोन्हीकडे एकच साखळी आली असती तर मात्र तेवढ्यावर काही सिद्ध होत नाही, त्यासाठी जनुकांची तपासणी करावी लागते.

मॅरो काढण्याची फार धास्ती असते, म्हणून थोडक्यात सांगते. कुशीवर किंवा पालथं झोपवतात, कंबरेखाली मागच्या बाजूला हाडाचा उंचवटा लागतो, तिथे भूल देऊन सुई घालतात. मणक्यात सुई घालत नाहीत. मगज ओढताना दोन-चार सेकंद एक खोल, विचित्र कळ येते. भुलीनं ती पूर्ण जात नाही. नंतर थोडा वेळ त्या जागेवर दाबून झोपायचं आणि बहुतेक जण त्याच दिवशी घरी जातात.

मग सुरुवात कुठून

बागायतदारांना हे चटकन कळेल. ढगाळ, दमट दिवसांत एकाच वेलीवर डाऊनीही येते आणि भुरीही. पान एकच, बुरशी दोन. भुरीवर गंधक चालतं, डाऊनीवर त्याचा उपयोग नाही, आणि दोन्हींची औषधं एका टाकीत मिसळायची तर ती एकमेकांत चालतात का हे आधी बघावं लागतं. शिवाय कुठली आज घड नासवतेय ते पाहून फवारणी ठरते.

काकांचं काय नासतंय? हिमोग्लोबिन, मूत्रपिंडं, हाडं, कॅल्शियम. मायलोमा नेमका याच चार गोष्टींवर घाव घालतो: कॅल्शियम ११ च्या वर, क्रिएटिनिन २ च्या वर, हिमोग्लोबिन १० च्या खाली, हाडांत भोकं. यातलं एकही असेल आणि त्याचं कारण मायलोमाच असेल, तर उपचार थांबवून ठेवता येत नाहीत. सीएलएल मूत्रपिंडं आणि हाडं सहसा बिघडवत नाही. त्यामुळे गुन्हेगार कोण हे काकांच्या बाबतीत बऱ्यापैकी स्पष्ट आहे.

फसगत होते ती हिमोग्लोबिनमध्ये. सीएलएलमध्येही रक्त कमी होतं आणि त्याच आकड्यावर सीएलएलची पायरी ठरते. पांढऱ्या पेशी ३८,००० बघून नजर तिकडेच जाते आणि सीएलएलची औषधं सुरू होतात, तिकडे मूत्रपिंडं बसत जातात. शिवाय तिसऱ्याच कारणानं रक्त कमी झालेलं असू शकतं: लोह किंवा बी-१२ ची कमतरता, किंवा सीएलएलमुळे शरीर स्वतःच्याच तांबड्या पेशी फोडत असेल तर तेही. त्यासाठी कूम्ब्स नावाची साधी तपासणी आहे. दोन आजार असताना प्रत्येक बिघडलेल्या आकड्याला 'हा कोणामुळे?' असं विचारल्याशिवाय पुढे जायचं नाही, हे माझं ठाम मत आहे.

आणि सीएलएलचं काय? त्याला सध्या काहीच द्यायचं नाही. कॅन्सर माहीत असून औषध द्यायचं नाही, हे ऐकून घरचे अस्वस्थ होतात, आणि त्यात नवल नाही. पण याला आधार आहे. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या फ्रेंच अभ्यासात सुरुवातीच्या पायरीवरच्या सीएलएलला लगेच गोळ्या सुरू केलेल्यांचं आयुष्य थांबून राहिलेल्यांपेक्षा वाढलं नाही. आजही सीएलएलचा उपचार सुरू होतो तो सीएलएलमुळेच हिमोग्लोबिन किंवा प्लेटलेट उतरायला लागल्या, गाठी किंवा प्लीहा खूप मोठी झाली, सहा महिन्यांच्या आत लिम्फोसाइट दुप्पट झाल्या, किंवा ताप, रात्रीचा घाम, वजन घटणं असं सुरू झालं तर. नुसता पांढऱ्या पेशींचा आकडा मोठा आहे म्हणून नाही.

जोड्या बदलल्या की क्रमही बदलतो. एएमएलसारखा तीव्र ल्युकेमिया असेल तर तो आधी, आणि तोही दिवसांच्या हिशोबात, दुसरं नाव कुठलंही असो. वेगानं वाढणारा लिम्फोमा आणि शांत मायलोमा असेल तर लिम्फोमा आधी. सीएमएलला थांबून बघणं चालत नाही, पण २००१ पासून त्यासाठी इमॅटिनिबची गोळी आहे. ती रोज घेत दुसऱ्या शांत आजारावर नुसती नजर ठेवता येते. आणि क्वचित दोन्ही एकाच वेळी जोरात असतात. तेव्हा खरोखर दोन्हीवर एकत्र औषधं द्यावी लागतात.

एका दगडात दोन पक्षी का नाही

हा प्रश्न हुशार आहे आणि कधीकधी त्याचं उत्तर 'हो' असतं. स्टिरॉइड दोन्ही आजारांवर थोडंफार चालतं. सायक्लोफॉस्फमाइड आणि बेंडामस्टिन ही जुनी केमोची औषधं दोन्हीकडे वापरली गेली आहेत. व्हेनेटोक्लॅक्स सीएलएलवर प्रभावी आहे आणि वयस्क रुग्णांच्या एएमएलवर अझासिटिडिनसोबत देतात, त्यामुळे ही जोडी असेल तर एका औषधाचा दोन्हीकडे उपयोग होऊ शकतो.

पण सीएलएल आणि मायलोमा या जोडीत सावध राहावं लागतं. व्हेनेटोक्लॅक्स मायलोमावरही चालतं, विशेषतः ११ आणि १४ क्रमांकाच्या गुणसूत्रांची अदलाबदल झालेली असेल तर. तरीही उलटलेल्या मायलोमाच्या सरसकट रुग्णांवर ते बोर्टेझोमिब या मायलोमाच्या औषधासोबत वापरून पाहिलं तेव्हा आजार जास्त काळ आटोक्यात राहिला, पण मृत्यू वाढले. २०१९ मध्ये अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी त्यावर लगाम घातला. लेनालिडोमाइडचं उलट. मायलोमात ते मुख्य औषधांपैकी एक आहे. सीएलएलच्या वयस्क रुग्णांना पहिलाच उपचार म्हणून ते देऊन पाहिलं तेव्हा जुन्या गोळीपेक्षा त्या गटात जास्त मृत्यू झाले आणि २०१३ मध्ये तो प्रयोग थांबवला गेला. म्हणजे काकांना लेनालिडोमाइड मिळेल ते मायलोमासाठी, मूत्रपिंडांच्या ताकदीनुसार कमी डोसात, आणि सुरुवातीला मानेतल्या, काखेतल्या गाठी अचानक फुगतात का यावर डोळा ठेवून.

औषधांची एकमेकांशी टक्कर कशी होते त्याचं एक उदाहरण मला फार महत्त्वाचं वाटतं. लेनालिडोमाइडनं रक्ताच्या गुठळ्या होऊ शकतात, म्हणून सोबत ॲस्पिरिन किंवा रक्त पातळ करणारं दुसरं औषध देतात. सीएलएलवरच्या इब्रुटिनिबनं रक्तस्राव लवकर होतो. बोर्टेझोमिबनं प्लेटलेट उतरतात. आता ही तिन्ही एकाच माणसाला एकाच महिन्यात दिली तर काय होईल, हे सांगायला डॉक्टर असण्याची गरज नाही. म्हणूनच दोन औषधोपचार दोन वेगळ्या डॉक्टरांनी एकमेकांना न विचारता लिहिणं धोक्याचं आहे. सगळी सूत्रं एकाच रक्तविकारतज्ज्ञाच्या हातात असू द्या.

मायलोमासाठी हल्ली डाराटुमुमॅब हे इंजेक्शनही देतात. ते तांबड्या पेशींनाही चिकटतं, त्यामुळे नंतर रक्त चढवायची वेळ आली की रक्तपेढीतली क्रॉसमॅच गोंधळते आणि जुळणारं रक्तही जुळत नाही असं दिसतं. उपाय सोपा आहे: पहिल्या इंजेक्शनच्या आधी रक्तगटाची सविस्तर तपासणी करून तो कागद जपून ठेवायचा आणि रक्तपेढीला औषधाचं नाव सांगायचं. हे, आणि सीएलएल-लिम्फोमावरच्या रिटुक्सिमॅबसारखी औषधं देण्याआधी हिपॅटायटिस बी तपासतात, कारण दबून बसलेला तो विषाणू या औषधांनी उसळतो.

घरी काय सांभाळायचं

दोन्ही आजार चांगल्या अँटिबॉडी कमी करतात, त्यामुळे जंतुसंसर्ग हा सगळ्यात मोठा शत्रू. उपचार चालू असताना ताप १००.४ च्या वर गेला तर क्रोसिन देऊन सकाळची वाट बघायची नाही, रात्री दोनलाही रुग्णालय गाठायचं. पावसाळ्यात नाशकात डेंग्यूची साथ असली की ताप आणि उतरलेल्या प्लेटलेट बघून 'डेंग्यूच असेल' म्हणून घरी थांबलं जातं. असं करू नका. बोर्टेझोमिबवर असताना नागीण उठू शकते, म्हणून तिला अडवणारी गोळी देतात. ती 'जास्तीची' समजून बंद करू नका. फ्लू आणि न्यूमोनियाच्या लसी घेता येतात, जिवंत जंतूंच्या लसी टाळायच्या. पूर्वी टीबी झालेला असेल तर आठवणीनं सांगा. टीबीवरची रिफाम्पिसिन ही गोळी इब्रुटिनिब आणि व्हेनेटोक्लॅक्सचा रक्तातला अंश पार कमी करते.

मेडिकलमधून मिळणाऱ्या दुखण्याच्या गोळ्या, आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक, मायलोमात मूत्रपिंडांवर उलटतात. काकांचं क्रिएटिनिन वाढायला आजार कारणीभूत असेलच, पण त्या दोन-तीन महिन्यांच्या गोळ्यांनीही त्याला हातभार लावलेला असू शकतो. काढे, भस्मं चालू असतील तर लपवू नका. कोणी रागावणार नाही, आणि रागावलं तरी सांगा. हाडांसाठी झोलेड्रोनिक ॲसिड देणार असतील तर आधी दातांच्या डॉक्टरांकडे जाऊन काढायचे दात काढून घ्या, कारण नंतर दात काढला तर जबड्याचं हाड भरून यायला त्रास होतो. इब्रुटिनिब किंवा व्हेनेटोक्लॅक्स चालू असेल तर ग्रेपफ्रूट आणि पपनस वर्ज्य, आपली द्राक्षं नव्हेत. ती स्वच्छ धुऊन खाता येतात, पांढऱ्या पेशी फार उतरल्या असतील तर डॉक्टरांना विचारून.

प्रगती मोजायची ती दोन मापांनी. मायलोमासाठी रक्तातलं एकसाची प्रथिन आणि फ्री लाइट चेन, म्हणजे रक्तात सुट्ट्या फिरणाऱ्या कप्पा-लॅम्डा साखळ्या, सीएलएलसाठी लिम्फोसाइट, गाठी, प्लीहा. एक सुधारताना दुसरं बिघडू शकतं. एका वहीत दोन रकाने करून प्रत्येक रिपोर्टचे आकडे तारखेसह लिहिले की डॉक्टरांचंही काम सोपं होतं.

यातलं बरंच नाशकात होतं. बोर्टेझोमिब हे पोटाच्या कातडीखाली घेण्याचं इंजेक्शन आहे, आठवड्याला त्यासाठी कसारा घाट उतरायची गरज नाही. स्टेम सेल ट्रान्सप्लांटचा विषय निघाला, किंवा दुसरं मत हवं असलं, तर मुंबई. टाटा मेमोरियल परळला आहे आणि त्यांचं ट्रान्सप्लांटचं काम खारघरच्या ॲक्ट्रेकमध्ये चालतं. सकाळची पंचवटी एक्स्प्रेस पकडून जाणारे नाशिककर कितीतरी आहेत. राहायला लागलं तर दादरला गाडगे महाराज मिशनची धर्मशाळा आहे. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राला भेटा, रेशन कार्ड आणि आधार सोबत ठेवा. सगळी नवी औषधं पॅकेजात बसतातच असं नाही, तेव्हा उपचार सुरू होण्याआधी कुठलं बसतं आणि कुठलं नाही ते स्पष्ट विचारून घ्या.

मुंबईला जाताना नुसते रिपोर्टचे कागद नेऊ नका. मॅरोच्या रंगवलेल्या काचा आणि बायॉप्सीचा मेणातला ठोकळा लॅबकडून मागून घ्या. अर्ज दिला की मिळतो, काम झालं की परत आणून द्यायचा. फ्लो सायटोमेट्री मात्र त्या ठोकळ्यावर होत नाही, तिला जिवंत पेशी लागतात. त्यामुळे फ्लोचा रिपोर्ट आलेखांसकट घ्या. आणि गुणसूत्रांच्या फिश तपासणीचा नमुना, हिरव्या टोपीच्या नळीतला, स्टिरॉइडचा पहिला डोस देण्याआधी गेलाय ना, हे विचारा. स्टिरॉइडनं दोन्हीकडच्या पेशी झपाट्यानं कमी होऊ शकतात, आणि मग जे बघायचं होतं ते नमुन्यात पुरेसं उरत नाही.